शाळेच्या संघटनात्मक आरोग्याचे मापन : शिक्षक-प्रश्नावलीचा उपयोग व तिच्या मर्यादा

शाळेची वार्षिक तपासणी झाली म्हणजे तिचा लेखी अहवाल तयार होतो. हजेरीपट अद्ययावत आहे काय, जडवस्तूंची नोंदवही पूर्ण आहे काय, अध्यापनाच्या टाचणवह्या तपासल्या जातात काय, शालान्त परीक्षेचा निकाल किती टक्के लागला, या बाबी अहवालात नमूद होतात. त्या मोजता येतात आणि मोजल्या गेल्याच पाहिजेत. परंतु ज्यांचा पट सारखा, इमारत सारखी आणि निकालही जवळजवळ सारखा, अशा दोन शाळांत दिवसभर वावरणाऱ्या शिक्षकाला मात्र त्यांच्यात मोठा फरक जाणवतो. एका शाळेत नवा शिक्षक न समजलेला घटक अनुभवी सहकाऱ्याला संकोच न बाळगता विचारतो. दुसऱ्या शाळेत तो आपली अडचण लपवितो. एका शाळेत मुख्याध्यापकांच्या सूचनेमागील कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरीत सूचनावहीवर सह्या होतात आणि प्रत्येक जण आपापल्या वर्गात निघून जातो. तपासणीच्या शेरेबुकात हा फरक उमटत नाही.

हा फरक मोजता येईल काय, असा प्रश्न शैक्षणिक प्रशासनाच्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विचारला. शिक्षकांनाच विचारून तो बऱ्याच अंशी मोजता येतो, हे त्यांचे उत्तर होते. मात्र या मापनाला एक अट आहे, आणि ती न पाळल्यास हाती आलेले आकडे निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरतात. मापनाची पद्धती आणि ती अट या दोहोंचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कल्पनेचा उगम

या विषयातील पहिले ठळक कार्य अमेरिकेतील अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांचे होय. त्यांनी ७१ प्राथमिक शाळांतील शिक्षकांना ६४ विधानांची प्रश्नावली दिली. त्यावरून शाळेच्या संघटनात्मक हवामानाचे वर्णन करणारा त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या वतीने प्रसिद्ध झाला. व्यक्तीच्या ठायी जसे व्यक्तिमत्त्व, तसे संघटनेच्या ठायी हवामान, अशी त्यांची भूमिका होती. प्रश्नावलीचे आठ भाग होते. अलिप्तता, अडथळा, उत्साह व जिव्हाळा हे चार शिक्षकसमूहाच्या वर्तनाविषयी होते. दुरावा, कामाचा तगादा, चालना व आपुलकी हे चार मुख्याध्यापकांच्या वर्तनाविषयी होते. या आठांच्या मांडणीवरून मुक्त, स्वायत्त, नियंत्रित, कौटुंबिक, पितृवत आणि बंदिस्त असे हवामानाचे सहा प्रकार कल्पिले गेले.

भारतात या पद्धतीचा परिचय होण्यास फार काळ लागला नाही. वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्रात १९७० च्या दशकात या विषयाचे संशोधन झाले. मोतीलाल शर्मा यांनी भारतीय शाळांसाठी अशी प्रश्नावली सिद्ध करून राजस्थानातील माध्यमिक शाळांच्या हवामानाचा अभ्यास केला. त्यानंतर अनेक विद्यापीठांतील शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत हा विषय हाताळला गेला. तथापि बहुतेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. ज्या शाळांतून माहिती घेतली, त्या शाळांकडे ती क्वचितच परत गेली. या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

हवामानाकडून आरोग्याकडे

हवामानाच्या सहा प्रकारांपैकी मुक्त आणि बंदिस्त ही दोन टोके स्पष्ट होती. मधले चार प्रकार मात्र परस्परांत मिसळत आणि त्यांच्या आधारे शाळेने काय करावे हे सांगता येत नसे. १९६५ मध्ये मॅथ्यू माइल्स यांनी आरोग्याची उपमा पुढे आणली. निरोगी संघटना केवळ तग धरीत नाही. ती दीर्घ काळ आपल्या परिस्थितीला समर्थपणे तोंड देते आणि तसे करीत असताना आपले सामर्थ्य वाढवीत जाते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. उद्दिष्टांची स्पष्टता, पुरेसा विचारविनिमय, अधिकाराची योग्य वाटणी, साधनांचा उपयोग, एकोपा, मनोबल, नावीन्यशीलता, स्वायत्तता, परिस्थितीशी जुळवून घेणे आणि समस्या सोडविण्याची क्षमता अशी दहा लक्षणे त्यांनी सांगितली.

ही दहा लक्षणे विवेचनास उत्तम होती, परंतु मापनाच्या कसोटीवर ती वेगवेगळी करणे कठीण गेले. हे काम पुढे वेन हॉय आणि जॉन फेल्डमन यांनी केले. समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांच्या विचारानुसार प्रत्येक औपचारिक संघटनेचे तीन स्तर असतात. शाळेच्या बाबतीत तांत्रिक स्तर म्हणजे प्रत्यक्ष अध्यापन-अध्ययन. व्यवस्थापकीय स्तर म्हणजे शाळेचा अंतर्गत कारभार. आणि संस्थात्मक स्तर म्हणजे शाळेचा बाहेरील समाजाशी असलेला संबंध. हे तिन्ही स्तर परस्परांशी जुळलेले असले म्हणजे शाळा निरोगी. या आधारावर माध्यमिक शाळांसाठी ४४ विधानांची प्रश्नावली तयार झाली, न्यू जर्सी राज्यातील माध्यमिक शाळांत तिची कसोटी घेण्यात आली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

आरोग्याचे सात घटक

या प्रश्नावलीत पुढील सात घटक मोजले जातात.

१. संस्थात्मक अखंडत्व (७ विधाने) : पालक, स्थानिक पुढारी वा अन्य बाह्य गटांच्या अवाजवी दडपणापासून शाळा आपले शैक्षणिक कार्य सुरक्षित ठेवू शकते काय.

२. मुख्याध्यापकांचा प्रभाव (५ विधाने) : शाळेची योग्य मागणी मुख्याध्यापक वरिष्ठांकडून मान्य करून घेऊ शकतात काय.

३. आपुलकी (५ विधाने) : मुख्याध्यापक शिक्षकांशी मित्रत्वाने व सन्मानाने वागतात काय.

४. कार्यरचना (५ विधाने) : कामाची वाटणी, अपेक्षा व नियम मुख्याध्यापक स्पष्टपणे सांगतात काय.

५. साधनपुरवठा (५ विधाने) : अध्यापनास लागणारे साहित्य शिक्षकांना वेळेवर मिळते काय.

६. मनोबल (९ विधाने) : शिक्षकांत परस्परविश्वास, कामाविषयी उमेद व शाळेविषयी अभिमान आहे काय.

७. अध्ययननिष्ठा (८ विधाने) : विद्यार्थ्यांपुढे उंच पण आवाक्यातील ध्येय ठेवले जाते काय आणि अभ्यासू विद्यार्थ्याला शाळेत मान आहे काय.

पहिला घटक संस्थात्मक स्तराचा, दुसरा ते पाचवा व्यवस्थापकीय स्तराचे आणि शेवटचे दोन तांत्रिक स्तराचे होत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांपैकी एकाही घटकात शिक्षकाला स्वतःच्या समाधानाविषयी विचारलेले नाही. शाळेत काय घडते, हे त्याने सांगावयाचे असते. येथे शिक्षक हा परीक्षार्थी नसून साक्षीदार आहे. मोजली जाते ती शाळा, शिक्षक नव्हे.

गुणांकनाची पद्धती

प्रत्येक विधानापुढे चार पर्याय असतात : क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा आणि नेहमीच. त्यांना अनुक्रमे १ ते ४ गुण दिले जातात. काही विधाने उलट अर्थाची असतात. ‘शाळेच्या निर्णयांवर बाहेरच्यांचे दडपण येते’ अशा आशयाचे विधान हे त्याचे उदाहरण. तेथे गुण उलटे धरावयाचे असतात, म्हणजे ‘नेहमीच’ या उत्तरास १ आणि ‘क्वचित’ या उत्तरास ४. नवख्या गणकाची चूक बहुधा येथेच होते.

त्यानंतर प्रत्येक विधानासाठी शाळेतील सर्व शिक्षकांच्या गुणांची सरासरी काढतात व त्या सरासरींची घटकवार बेरीज करतात. ही बेरीज शाळेची असते. घटकांची विधानसंख्या वेगवेगळी असल्याने बेरजांची थेट तुलना करता येत नाही. म्हणून त्यांचे प्रमाणित गुणांत रूपांतर करतात. शाळेच्या गुणांतून संदर्भगटातील शाळांची सरासरी वजा करावी, येणाऱ्या संख्येस १०० ने गुणून संदर्भगटाच्या प्रमाण विचलनाने भागावे आणि भागाकारात ५०० मिळवावेत. या पद्धतीत सर्वसाधारण शाळेस ५०० गुण पडतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक शाळा घेऊ. मनोबलात तिचे गुण २७ आहेत. संदर्भगटाची सरासरी २४ व प्रमाण विचलन ४ आहे. तिचे प्रमाणित गुण ५७५ होतील. संस्थात्मक अखंडत्वात तिचे गुण १५ आहेत. सरासरी १८ व विचलन ३ आहे. तेथे प्रमाणित गुण ४०० येतील. उरलेल्या पाच घटकांत तिला प्रत्येकी ५०० गुण आहेत असे मानल्यास सातही घटकांची सरासरी सुमारे ४९६ येते. केवळ हा एक आकडा पाहणाऱ्याला शाळा सर्वसाधारण वाटेल. वस्तुतः तेथील शिक्षक एकमेकांना घट्ट धरून आहेत आणि बाहेरच्या दडपणाने त्रस्त आहेत. अशा शाळेत शिक्षकांचा उत्साह वाढविण्यासाठी शिबिर घेणे व्यर्थ होय. तिला हवे आहे ते बाहेरील हस्तक्षेपापासून संरक्षण. म्हणूनच एकूण गुणांपेक्षा घटकवार आलेख अधिक बोलका असतो.

सरासरीमागे दडलेले

सरासरी पाहताना उत्तरांची पांगापांगही पाहिली पाहिजे. बारा शिक्षकांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांच्या आपुलकीविषयीच्या विधानास सर्वांनी ३ गुण दिले. दुसऱ्या शाळेत सहा जणांनी ४ आणि सहा जणांनी २ गुण दिले. दोन्ही ठिकाणी सरासरी ३ आहे. परंतु पहिली शाळा एकमताची आहे, तर दुसरीत दोन गट आहेत. कदाचित सकाळच्या व दुपारच्या पाळीतील शिक्षकांचा मुख्याध्यापकांशी येणारा संबंध भिन्न असेल. कदाचित जुन्यांना मिळणारा मान नव्यांना मिळत नसेल. दोन तट पडलेल्या शाळेचे निदान सरासरीने होत नाही. यास्तव प्रत्येक विधानाला किती जणांनी कोणते उत्तर दिले, याचा तक्ता सरासरीसोबत ठेवणे इष्ट होय.

आरोग्य आणि विद्यार्थ्यांची प्रगती

हे सर्व विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे काय, असा प्रश्न रास्त आहे. हॉय आणि जॉन हॅनम यांनी न्यू जर्सीतील मधल्या स्तरावरील शाळांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेचे आरोग्य आणि गणित, वाचन व लेखन यांतील संपादन यांचा संबंध तपासला. विद्यार्थ्यांच्या घरच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा परिणाम हिशेबात घेतल्यानंतरही हा संबंध दिसून आला. शिकागो शहरातील सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या १९९० ते १९९६ या काळातील माहितीवर अँथनी ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शालेय नेतृत्व, पालक व समाज यांच्याशी संबंध, शिक्षकांची व्यावसायिक क्षमता, विद्यार्थिकेंद्री वातावरण आणि अध्यापनाचे मार्गदर्शन हे पाच आधार त्यांनी मुख्यतः शिक्षक व विद्यार्थी यांच्या सर्वेक्षणांतून मोजले. यांपैकी बहुतेक आधार भक्कम असलेल्या शाळांत वाचन व गणितात भरीव सुधारणा होण्याची शक्यता, ते दुबळे असलेल्या शाळांच्या तुलनेत दहापट आढळली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. चांगल्या निकालामुळेही शिक्षकांचे मनोबल वाढते. तरीही शिक्षकांची साक्ष ही केवळ तक्रार वा कौतुक नसून शाळेच्या कार्याशी निगडित असलेली माहिती आहे, एवढे या संशोधनांतून निश्चित होते.

प्रामाणिक उत्तराची अट

आता आरंभी उल्लेखिलेल्या अटीकडे वळणे योग्य होईल. वैद्य रुग्णाची नाडी पाहतो तेव्हा रुग्णाला ती बदलता येत नाही. प्रश्नावलीचे तसे नाही. उत्तर शिक्षकाच्या हाती असते. आपल्या उत्तरावरून शाळेची श्रेणी ठरणार, मुख्याध्यापकांच्या गोपनीय अहवालावर परिणाम होणार, किंवा उत्तर कोणाचे हे ओळखले जाणार, अशी शंका त्याच्या मनात आली की, तो शाळेचे वर्णन करण्याचे सोडून आपले संरक्षण करू लागतो. अशा वेळी ज्या शाळेत भीती सर्वाधिक, तेथील उत्तरे सर्वांत निर्दोष येण्याचा संभव असतो. आजारी शाळा कागदावर निरोगी ठरते आणि मोकळेपणाने दोष सांगणारी शाळा आजारी ठरते. यापेक्षा मापन न केलेले बरे.

म्हणून पुढील दक्षता अनिवार्य समजावी. उत्तरपत्रिकेवर नाव, वय, विषय वा सेवाकाल यांपैकी काहीही मागू नये. केवळ खुणा करावयाच्या असाव्यात. प्रश्नावली शिक्षकसभेत एकाच वेळी भरून घ्यावी. ४४ विधानांस दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्या वेळी मुख्याध्यापकांनी तेथे उपस्थित राहू नये. उत्तरपत्रिका बंद पेटीत गोळा कराव्यात व त्यांचे गुणांकन शाळेबाहेरच्या व्यक्तीने करावे. निष्कर्ष प्रथम त्याच शाळेच्या शिक्षकांना व मुख्याध्यापकांना एकत्र सांगावेत. त्यांच्या आधारे शाळांची क्रमवारी लावू नये. ज्यांनी माहिती दिली त्यांच्याकडे ती परत गेली नाही, तर पुढच्या वेळी कोणीही मनापासून उत्तर देणार नाही.

मुख्याध्यापकांच्या दृष्टीनेही हे न्याय्य आहे. कमी आलेले गुण म्हणजे त्यांच्यावरील दोषारोप नव्हे. ‘कार्यरचना’ कमी आली, तर सूचना स्पष्ट होत नाहीत एवढाच तिचा अर्थ. आणि तो सभेत विचारून दुरुस्त करता येतो.

भारतीय शाळांच्या संदर्भात

परदेशी प्रश्नावलीचे केवळ भाषांतर करून चालणार नाही. खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांचे ‘वरिष्ठ’ दोन असतात : संस्थेचे व्यवस्थापन आणि शिक्षण खाते. एकाकडे त्यांचे वजन असते, दुसऱ्याकडे नसते. म्हणून या घटकाची विधाने दोन भागांत विचारावी लागतील. तसेच न्यू जर्सीतील सरासरी येथे संदर्भ म्हणून वापरता येणार नाहीत. स्थानिक शाळांवरूनच सरासरी व प्रमाण विचलन काढले पाहिजे. तोपर्यंत एका शाळेची तुलना दुसरीशी न करता तिच्याच मागील वर्षाशी करावी.

काही उत्तरे शाळेकडे नव्हे, तर खात्याकडे बोट दाखवतील. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुकांची कामे वगळता शिक्षकांना अन्य शिक्षणेतर काम देता येत नाही. तरीही अध्यापनाचा वेळ इतर कामांत जातो असे शिक्षकांनी नोंदविल्यास, किंवा साहित्य सत्र संपता संपता हाती येते असे लिहिल्यास, त्यावर मुख्याध्यापकांना उपाय करता येत नाही. तो प्रशासनानेच केला पाहिजे. शिक्षकांना प्रामाणिक उत्तर मागणाऱ्या खात्याने स्वतःविषयीचे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवली, तरच या उपक्रमाला नैतिक बळ येईल.

लहान शाळांचा प्रश्न निराळा आहे. वरील अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. दोघांच्या शाळेत नाव न लिहिताही उत्तर कोणाचे हे कळते आणि दोन उत्तरांची सरासरी अर्थहीन असते. तेथे प्रश्नावली देऊ नये. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळासमूहाची कल्पना मांडली आहे. अशा समूहातील सर्व शिक्षकांची साधनपुरवठा व बाह्य दडपण यांविषयीची उत्तरे एकत्र करता येतील, कारण या अडचणी बहुधा सर्वांच्या समान असतात. मनोबल व आपुलकी यांची उत्तरे मात्र एकत्र करू नयेत. ती प्रत्येक शाळेची स्वतंत्र बाब असून, लहान शाळेत तिच्यासाठी मोकळी चर्चा हाच उत्तम मार्ग होय.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळा सिद्धी’ कार्यक्रमात सात प्रमुख क्षेत्रांत शाळेचे स्वयंमूल्यमापन अपेक्षित आहे. त्यात शाळा एकत्रितपणे आपले मत नोंदविते. शिक्षक-प्रश्नावलीत प्रत्येक शिक्षक एकट्याने उत्तर देतो. सभेत जे बोलले जात नाही, ते येथे खुणेने सांगता येते. या दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. जेथे स्वयंमूल्यमापनाची श्रेणी उच्च आणि शिक्षकांची उत्तरे निराशाजनक असतील, तेथे त्या अंतराचाच शोध प्रथम घ्यावा.

समारोप

तापमापी ताप उतरवीत नाही. तो किती आहे एवढेच सांगते. शिक्षक-प्रश्नावलीचेही तसेच आहे. आकडे हाती आल्यावर खरे काम सुरू होते. सात घटकांपैकी सर्वांत दुबळा घटक कोणता हे शाळेने एकत्र बसून ठरवावे, त्यासाठी एका सत्रात करता येईल असा एकच उपाय निवडावा आणि वर्षअखेरीस तीच प्रश्नावली पुन्हा भरावी. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा कारणांसह सूचना समजावून सांगणे, किंवा नव्या शिक्षकास एक अनुभवी सोबती नेमून देणे, असे साधे उपायही त्यासाठी पुरेसे असतात. शाळेत काय घडते हे तेथे रोज काम करणाऱ्यांइतके कोणास ठाऊक नसते. त्यांना निर्भयपणे सांगता यावे आणि सांगितलेले ऐकले जावे, ही व्यवस्था ज्या शाळेत आहे तिच्या आरोग्याचा पाया घातला गेला आहे, असे समजण्यास हरकत नाही.